एका टोपलीतलं बी

माझी आई देवाशी बोलायची ती भांडी घासताना. गुडघे टेकून, डोळे मिटून करायची ती प्रार्थना वेगळी, ती सकाळ-संध्याकाळ व्हायचीच. पण तिचं खरं बोलणं राखेत हात घालून चालायचं. मीठ संपलं, शेळी आटली, शेजारणीनं आज उगाच टोमणा मारला, सगळं ती त्याच्या कानावर घालायची. मी तिला चिडवायचे, "आई, देवाला दुसरी कामं न्हाईत का? तुझ्या मिठाच्या मडक्यापाशीच बसून ऱ्हातो व्हय?" ती हसायची आणि म्हणायची, "मग कुठं बसंल? हितं बरं हाय की त्याला."

मी तिच्यासारखी नाही, हे आधीच सांगून टाकते. मला राग पटकन येतो आणि देवाचा तर फारच वेळा आला. आता सत्तरी ओलांडली, तरी उपासनेला बसल्याबसल्या मी त्याच्याशी मनातल्या मनात भांडते. एवढं भांडूनही मी त्याला सोडून गेले नाही, याचं श्रेय माझं नाही. ते आईचं आहे, म्हणून तिच्याबद्दल लिहिते आहे.

दुसरी मोठी लढाई सुरू होण्याआधीची ही सालं. भोर तेव्हा संस्थान होतं. आमचं घर उत्रोलीला, गावकुसाबाहेरच्या वस्तीत, अगदी टोकाला. माझ्या जन्माच्या आधी बाबांनी बाप्तिस्मा घेतला होता. सगळ्या भावकीत ख्रिस्ती असं आमचं एकच घर. भावकीनं आम्हाला तोडलं नव्हतं. विस्तव, पाणी, हाळी-हाक सगळं चालू होतं. फक्त जत्रा आली, पालखी निघाली की आमच्या दाराशी आल्यावर सगळ्यांच्या माना दुसरीकडे वळायच्या. नदीकडे उतरत गेलेली दोन खाचरं बाबांच्या वाटणीला आलेली. त्यातलं भात हेच आमचं वर्ष.

ज्या सालाबद्दल मी सांगते आहे, त्या साली पावसाळ्याच्या ऐन तोंडावर बाबा तापानं अंथरुणाला खिळले. त्यांच्या पाठोपाठ माझा धाकटा भाऊ पडला. तो नुकता कुठे नीट बोलायला लागला होता, आणि सगळ्या जगाला "ए बाबा" अशी हाक मारायचा, शेळीलासुद्धा. बाबा उठले, तो उठला नाही. बाबांच्या अंगात अजून ताप होता, तरी त्याला दुसऱ्या कुणाच्या हातात न देता ते भोरच्या दफनभूमीपर्यंत चालत गेले. मागून आई, तिच्या मागून मी. पाऊस असा लागला होता की कोण रडतंय ते कळत नव्हतं.

घरात जेवणाआधीची प्रार्थना बाबांनी करायची असा शिरस्ता होता. त्या दिवसापासून ते नुसते ताटाकडे बघत बसायला लागले. आई थोडा वेळ थांबायची, त्यांना पुरेशी संधी द्यायची आणि मग हलक्या आवाजात स्वतःच करायची. बाबा "आमेन" म्हणायचे नाहीत. घास उचलायचे.

लावणीला अर्थातच उशीर झाला. वाफ्यातली रोपं वाट बघून पिवळी पडली तेव्हा कुठे आई आणि मी चिखलात उतरलो, बाबा काठी टेकत बांधावरून रोपांच्या मुठी पुढे करायचे. भात वाढलं, चांगलं हिरवंगार झालं. मग लोंब्या बाहेर पडल्या त्या पांढऱ्या. भरलेली लोंबी दाण्याच्या भारानं वाकते, या ताठ उभ्या होत्या. आईनं एक ओढली, ती अलगद हातात आली, बुडाशी किडीनं पोखरलेली. दाणा चिमटीत दाबला तर आत हवा. पुढे उरल्यासुरल्या भाताला शेवटचा पाऊस मिळाला नाही. दोन्ही खाचरं पोचट झाली.

वस्तीतल्या बाकीच्यांचं भात बरं आलं होतं. त्यांची लावणी वेळेवर झाली होती. पण एवढं साधं कारण कुणाला पुरतंय?

एक दिवस माझे थोरले चुलते आले. बाबांपेक्षा बरेच मोठे, भावकीत त्यांचा शब्द चालायचा. मनानं वाईट माणूस नव्हे. धाकट्याच्या तापात दोनदा शेळीचं दूध घेऊन आलेला हाच माणूस. ओट्यावर बसले, पानाची चंची सोडली आणि बाबांना म्हणाले, "तू बाप्तिस्मा घेतलास, म्या काय बोललो न्हाई. पर जिमिनीचा राखणदार जुनाच हाय ना? त्याला इतकी सालं उपाशी ठेवलास. पोर गेलं, पीक गेलं. आता काय जायाचं ऱ्हायलंय?"

बाबा ओट्याच्या कडेची माती नखानं उकरत राहिले.

"एक कोंबडं काप बांधावर. राखण दे. माझ्या कणगीतलं निवडल्यालं बी तुला देतो, आंबेमोहराचं, एक दाणा भेसळ न्हाई. बी न्हाई तर पुढच्या साली पेरशील काय? दगूड?"

ते खरंच होतं. बी दरसाल आपल्याच पिकातून राखायचं असतं. पीकच नाही म्हणजे बी नाही, आणि बी नाही म्हणजे खाचरं पडून, आणि घरातली माणसं पोट भरायला मुंबईच्या वाटेनं. बाबांच्या तोंडावर ते सगळं दिसत होतं.

आई दाराआडून, डोक्यावरचा पदर पुढे ओढून म्हणाली, "दादा, लावनी उशिरा झाली म्हनून पीक गेलं."

चुलते तिच्याकडे न बघता म्हणाले, "आन पोर कशानं गेलं?"

आई आत निघून गेली. चुलते उठले. "घाई न्हाई. पौष लागला की येतो म्या. तवा सांग."

त्या दिवशी आईनं भांडी घासली, पण एक शब्द बोलली नाही. मी मुद्दाम जवळ जाऊन बसले होते. नुसता राखेचा आवाज. माझ्या आयुष्यात मला इतकी भीती कधी वाटली नाही. मला वाटलं, झालं, तीही गेली बाबांच्या बाजूला. दुसऱ्या दिवशी सकाळी मात्र तवा घासता घासता तिचा आवाज आला. ती त्याला म्हणत होती, "मला न्हाई कळत. दादाला काय सांगायचं ते बी न्हाई कळत. पर तू हितंच बस."

पुढे मी किती प्रवचनं ऐकली, पाळकांची, पुण्याहून आलेल्या मोठ्या लोकांची. आशा म्हणजे काय ते त्यांनी बोटांवर मोजून समजावून सांगितलं. मला अजून त्या सकाळचा तवाच पटतो.

भात कापून झालं की भोरच्या आमच्या देवळात हंगामाचा सण व्हायचा. आम्ही चर्चला देऊळच म्हणायचो. ते होतं तरी काय, दोन खोल्या, कौलं आणि पुढे चिंचेचं झाड. मंडळीतली माणसंही मूठभरच. एक-दोन शाळामास्तर, एक कंपाउंडर आणि आसपासच्या गावांतून चालत येणारी आमच्यासारखी घरं. सणाला प्रत्येकानं आपल्या रानातलं किंवा परसातलं पहिलं काहीतरी आणायचं. भाताची पेंढी, भोपळा, अंडी, कोंबडी. ते क्रूस ठेवलेल्या मेजापुढे मांडायचं, आभाराची उपासना करायची आणि मग त्याचा लिलाव. आलेले पैसे देवाच्या कामाला.

त्या सणाच्या आदल्या दिवशी आई विळा घेऊन खाचरात गेली आणि पांढऱ्या लोंब्यांची पेंढी बांधून घेऊन आली. नीट, एका उंचीची, गवताच्या आळ्यानं आवळलेली. बाबा म्हणाले, "हे काय? हसं करून घेतीस का लोकांत?"

"औंदा रानात हेच आलं. मग हेच न्यायचं."

"मोकळ्या हातानं गेलीस तर कोन काय म्हननार न्हाई."

"मोकळ्या हातानं कशाला जाऊ? आलंय की एवढं."

बाबा आमच्याबरोबर भोरला आले, पण देवळात आले नाहीत. चिंचेखाली बसून राहिले. आईनं पेंढी इतरांच्या पेंढ्यांशेजारी ठेवली आणि बायकांत जाऊन बसली. मला लाजेनं मेल्यासारखं झालं होतं. कुणाचं लक्ष जाऊ नये म्हणून मी पेंढीकडे न बघता छताची कौलं बघत होते.

लिलाव पुकारायचे ते मंडळीचे एक म्हातारे पंच. हयातभर त्यांनी कोर्टात बेलीफाची नोकरी केलेली, लोकांची जप्तीतली भांडीकुंडी पुकारण्यात दिवस गेलेले. म्हणून देवाच्या भोपळ्याची तारीफ करायला त्यांना फार आवडे. वस्तू हातात घेण्याआधीच कौतुक सुरू. डोळ्यांत मोतीबिंदू उतरलेले, पण ते कबूल करतील तर शपथ. कोंबडीला त्यांनी एकदा "तुरेबाज कोंबडा" म्हणून विकलं होतं आणि घेणाऱ्यानं मुकाट्यानं नेलं होतं.

त्या दिवशी ते रंगात होते. मास्तरांच्या घरची केळी गेली, अंडी गेली, दोन पेंढ्या गेल्या. मग त्यांचा हात आमच्या पेंढीवर पडला. "हा बघा! हा आंबेमोहोर! मंडळी, वास घ्या नुसता वास! साखरभात करा, देवाचं नाव घ्या!" दरसालच्या सवयीनं त्यांनी लोंबी ओरबाडली, तळहातावर चोळली, फोलपट उडवायला फुंकर मारली. सगळंच उडून गेलं. तळहात रिकामा. ते हात डोळ्यांजवळ नेऊन बघत राहिले.

आई उभी राहिली. तिचा आवाज कापत नव्हता, मोठाही नव्हता. "पंच, त्यात काय न्हाई. औंदा आमच्या रानात एवढंच आलं. आलं त्यातलं आनलंय." आणि ती खाली बसली.

म्हाताऱ्या पंचांनी पेंढी दोन्ही हातांत नीट धरली. मग त्यांनी ती लिलावाच्या वस्तूंत परत ठेवली नाही. मेजावर, क्रूसाच्या शेजारी नेऊन ठेवली, फार जपून, आणि म्हणाले, "हे पुकारायचं नाही." पुढचा भोपळा त्यांनी तारीफ न करताच विकला.

मला तेव्हा आईचा राग आला होता. चार लोकांत आपली गरिबी अशी उघडी कशाला मांडायची? आज वाटतं, त्या खोलीत त्या दिवशी तिच्याइतकं ताठ मानेनं देवापुढे कुणी गेलं नसेल. भरल्या पेंढीबरोबर आभार मानणं मलाही जमतं. तिनं देवाला काही सुनावलं नाही, काही मागितलं नाही, खोटंही दाखवलं नाही. घर चालवणारी बाई धन्याला जशी सांगते तसं तिनं सांगितलं, यंदा असं झालंय.

नाताळाला मंडळीनं जे केलं ते आम्हाला आधी कुणी सांगितलं नव्हतं. मेजापुढे एक मोठी टोपली ठेवलेली. उपासना संपल्यावर एकेक घर उठलं आणि आपापली पुरचुंडी तिच्यात रिकामी करायला लागलं. खाण्याचे तांदूळ नव्हेत, भात. पेरायचं बी. वरव्याहून आलेल्यांनी त्यांचं आणलं. पासलीकडच्या डोंगरातून उतरून आलेल्या म्हाताऱ्या जोडप्यानं त्यांचं आणलं. मास्तर आणि कंपाउंडर यांना शेती कशाशी खातात ते ठाऊक नव्हतं, त्यांनी कुठून कुठून मागून आणलं. म्हाताऱ्या पंचांनी सगळ्यांत शेवटी ओतलं आणि वरून हात फिरवून ते सगळं सारखं केलं. टोपली पोत्यात रिकामी झाली, पोतं बाबांच्या खांद्यावर आलं. बाबा यावेळी दारापर्यंत आले होते.

घरी येऊन बाबांनी पोतं घोंगडीवर ओतलं आणि बघतच राहिले. मग हसायला लागले. हसता हसता त्यांच्या डोळ्यांना पाणी आलं. शेतकऱ्याला समजावून सांगायला नको, इतरांसाठी सांगते. लवकर पिकणारं भात ते हळवं, उशिरा पिकणारं ते गरवं. ते वेगळं राखतात, वेगळं पेरतात. नाहीतर एक पिकून गळायला लागतं तेव्हा दुसरं हिरवं असतं. आमच्या घोंगडीवर हळवं होतं, गरवं होतं, तांबड्या सालीचं होतं, काळ्या कुसळांचं होतं, आंबेमोहोरही होता. देवाला द्यायचं ते एकाच टोपलीत टाकायचं, ही मंडळीची जन्माची सवय. तिथे बी म्हणून वेगळं ठेवावं हे एकाच्याही डोक्यात आलं नव्हतं.

आई सूप घेऊन निवडायला बसली. मीही बसले. तांबडं आणि काळं तेवढं निघालं, बाकीचं एकमेकांसारखं. शेवटी तिनं सूप खाली ठेवलं. "ऱ्हाऊ दे. दिलंय ते असंच दिलंय."

पौष लागला आणि चुलते बोलल्याप्रमाणे आले. ओट्यावर पोतं होतं. त्यांनी मूठ भरून बाहेर काढली, तळहातावर पसरली, एक दाणा दातानं फोडला, दुसरा फोडला. "ह्यात हळवं हाय. गरवं हाय. हे काय हाय ते द्येवाला म्हाईत. हे प्येरनार तू?"

बाबांनी पोत्याचं तोंड सारखं केलं.

"याड लागलंय का? अर्धं गळून जाईल, अर्धं पाखरं खातील. माझ्या कणगीत बी हाय, एकजात. सक्काळी बांधावर ये, कोंबडं बी म्याच आनतो. तुला काय करायला लागनार न्हाई, नुसता हुबा ऱ्हा."

नुसतं उभं राहायचं. इतकं सोपं करून ठेवलं होतं त्यांनी. मी दारात होते. आई मागे परसात भांड्यांपाशी होती, पण तिचे हात थांबले होते, आवाज येत नव्हता. ती बाहेर आली नाही. बाबांच्या वतीनं ती काही बोलली असती तर ते मोडलं असतं, असं मला आता वाटतं.

बाबांनी चुलत्यांच्या तळहातावरचे दाणे एकेक करून उचलले आणि पोत्यात परत टाकले. "दादा, तुझं बी चांगलं हाय. तुझा जीव बी तुटतो, म्या जानतो. पर म्या हेच पेरीन."

"आन न्हाई आलं तर?"

"तर जे यील ते."

चुलते रागानं उठले, चंची ओट्यावरच विसरून गेले. ती आईनं माझ्या हाती त्यांच्या घरी पोचवली.

पेरलं ते उगवलं, लावलं ते वाढलं. गौरी-गणपतीच्या सुमाराला आमच्या खाचरांत एक लोंबी बाहेर, दुसरी पोटात, तिसरीचा पत्ता नाही. वस्तीतली माणसं बांधावर येऊन बघून जायची. चुलतेही आले. "हे रान हाय का गोधडी?" म्हणाले. लोक हसले, मी जाम संतापले, आई पदरात तोंड लपवून हसली.

आम्ही कापणी केली नाही, वेचणी केली. दसऱ्यापासून दिवाळी उलटून जाईपर्यंत रोज आई आणि मी पिकलेल्या लोंब्या तेवढ्या शोधून खुडायचो, पायाखाली हिरवं तुडवायचं नाही म्हणून पाऊल जपून टाकायचो. चिमण्यांनी त्यांचा वाटा घेतलाच. एक दिवस बघते तर पलीकडच्या कडेला चुलते वाकून लोंब्या खुडत होते. कुणी बोलावलं नव्हतं. बाबांनी त्यांच्याकडे बघितलं, ते म्हणाले, "बघत काय बसलास? हे आज न्हाई खुडलं तर उद्या गळंल." भात फार आलं असं नाही. शिमग्यापर्यंत पोटाला आणि पुढच्या पेरणीला बी, एवढं आलं. त्यात चमत्कार काही नव्हता, तसं कुणी म्हणालं तर आईच त्याला गप्प करायची.

नवं भात उखळात सडून आईनं एका दुपारी शिजवलं. ते धड शिजलंही नाही. कुठलं शीत गळून गेलेलं, कुठलं दाताखाली कचकन वाजणारं. तिनं ताटं वाढली आणि नेहमीप्रमाणे थोडा वेळ थांबली.

आणि बाबांनी हात जोडले.

कितीतरी महिने प्रार्थनेला न वापरलेला आवाज होता तो. त्यांनी भाताबद्दल आभार मानले. टोपलीबद्दल मानले. म्हाताऱ्या पंचांच्या डोळ्यांसाठी प्रार्थना केली, दादाच्या नावानं केली. मग त्यांनी माझ्या धाकट्या भावाचं नाव घेतलं. तो गेल्यापासून ते नाव घरात कुणी उच्चारलं नव्हतं. "तो आमाला दिला व्हतास," ते म्हणाले, "त्याबद्दल."

आई रडायला लागली. दफनभूमीत मी तिला रडताना पाहिलं नव्हतं, पांढऱ्या लोंब्या बघताना नाही, देवळात भर लोकांत उभी राहिली तेव्हाही नाही. मला वाटायचं ती तशीच आहे, तिला रडू येतच नाही. त्या दुपारी कळलं की ती इतके दिवस आम्हा दोघांना धरून उभी होती, आणि हात सोडता येत नव्हता म्हणून तिनं रडणं मागे ठेवलं होतं. ती तोंडावर पदरही न घेता, मोठ्यानं, लहान मुलीसारखी रडत राहिली. बाबांनी तिला गप्प केलं नाही. "आमेन" म्हणायचं राहून गेलं होतं, ते मी म्हटलं. मग तिचं रडून होईपर्यंत आम्ही दोघं ताटांपुढे बसून राहिलो, आणि भात गार झाल्यावर तिघंही जेवलो.